अक्का, नमुना मी दाखवणारच

अक्का, तू गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला एकच सांगितलं. झालं गेलं विसर, गेलेल्या माणसाशी काय भांडायचं. मी मान हलवली, चहा पुढे केला आणि मनात म्हटलं, का नाही भांडायचं? आपण दोघी रोज भांडत होतो. डबा उघडला की भांडण सुरू व्हायचं आणि भाकरी संपली तरी भांडण उरायचं. आता तू मधेच उठून गेलीस, तेही माझं बोलणं अर्धं असताना, म्हणून मी गप्प बसायचं? ते मला जमणार नाही. तुला ठाऊक आहे.

बाहेरच्यांना आपलं भांडण ऐकून हसू यायचं. दोन बायका, दोघी मावसबहिणी, एकाच वर्गात शिकवणाऱ्या, आणि वाद कशावरून, तर डिझाइन शिकायला आलेल्या नव्या मुलींना आधी नमुना दाखवायचा की नाही. तू म्हणायचीस, अजिबात नाही. मी म्हणायचे, दाखवायलाच हवा. एवढंच. पण एवढ्यावरून आपण एकमेकींशी कित्येक दिवस बोललो नाही, वर्गातली एक मुलगी जवळजवळ गमावली, आणि तू गेल्यावर माझ्या हातून हॉल गेला. तेव्हा हसणाऱ्यांनी हसावं.

तुझ्या वर्गात मी पहिल्यांदा आले तो दिवस मला आठवतो. सासर सोडून सोलापूरला परत आले होते. घरात सगळे माझ्याकडे बघून आवाज खाली करायचे. तू आलीस, काही विचारलं नाहीस. 'चेल्ली, उद्यापासून वर्गावर ये,' एवढंच म्हणालीस. आपल्या तेलुगूत धाकट्या बहिणीला म्हणतात ते चेल्ली. माझ्या लग्नानंतर ते मला कुणी म्हटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पूर्व भागातल्या त्या कारखान्याच्या जिन्यावरून मी वर आले. खाली माग धडधडत होते, वर लांबलचक हॉल, बाकांवर बारावी झालेल्या मुली, प्रत्येकीच्या पुढे ग्राफचा कागद. आणि चारही भिंती कोऱ्या. चादरीचं एक चित्र नाही, टॉवेलचा एक तुकडा नाही, साधं कॅलेंडरसुद्धा नाही. मला वाटलं, रंगकाम चालू असेल.

'भिंतीवर काय लावलं की पोरी तेच काढतात,' तू म्हणालीस. 'म्हणून काढून टाकलं सगळं.'

ह्यामागे तुझं जे कारण होतं ते मला नंतर कळलं. तू त्याच कारखान्यात डिझाइन करायचीस तेव्हा रोज सकाळी टेबलावर कुणाची तरी चादर येऊन पडायची. दुसऱ्या कारखान्याची, दुसऱ्या गावची, कधी परदेशातून आलेल्या टॉवेलचा कापून आणलेला कोपरा. 'ह्याच्यासारखंच करा बाई, फक्त रंग बदला.' तू रंग बदलत राहिलीस. एक दिवस मालकांनीच म्हटलं, आता तुमच्या मनाचं काहीतरी करा. तू कागद घेऊन बसलीस आणि हातातून दुसऱ्यांचीच पानं, दुसऱ्यांचीच वेल यायला लागली. हे सांगताना तू बोटं पुढे करून दाखवायचीस, जणू त्यांना काही चिकटलं होतं. 'माझ्या हाताला लोकांचं वळण लागलं गं. ते काढता काढता माझी निम्मी उमर गेली. ह्या पोरींचं तसं होऊ देणार नाही मी.'

हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते. पण अक्का, तू एक गोष्ट कधी ऐकूनच घेतली नाहीस. भिंत कोरी केली म्हणून मुलीचं डोकं कोरं होत नाही. तिच्या घरात जी चादर आहे, तिच्या आईच्या साडीला जो मोर आहे, तो तिच्या डोक्यात आधीच लावलेला असतो. तुला वाटायचं तू त्यांना मोकळं सोडतेस. मला दिसायचं की तू त्यांना त्या एका मोरासोबत कोंडतेस.

म्हणून आपण पैज लावली. तू अर्धा वर्ग घेतलास, मी अर्धा. काम एकच, टॉवेलची बॉर्डर. मी माझ्या मुलींपुढे माझ्याकडचा सगळ्यात देखणा टॉवेल ठेवला. पांढऱ्यावर निळी वेल, अशी बारीक की लांबून पाण्याची रेघ वाटावी. तुझ्या मुलींना तू नेहमीसारखा कोरा कागद दिलास. संध्याकाळी आपण सगळे कागद जमिनीवर पसरले. माझ्या मुलींच्या प्रत्येक कागदावर वेल होती. कुणाची जाड, कुणाची उलटी, पण वेलच. ते मी पचवलं असतं. पण तू गुडघ्यावर बसून एका पानावर बोट ठेवलंस. माझ्या त्या टॉवेलात विणताना एक पान चुकलं होतं, त्याचं टोक तुटकं होतं, उंदराने कुरतडल्यासारखं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आणि सगळ्या मुलींनी ते तुटकं पान जसंच्या तसं काढलं होतं.

'बघ,' तू म्हणालीस, 'चूकसुद्धा सोडली नाय त्यांनी.' आणि इतकी हसलीस की खालून कुणीतरी विचारायला वर आलं.

मग आपण तुझ्या मुलींचे कागद बघितले. मोर, मोर, मोर, तळ्यातलं देऊळ, परत मोर. तू हसायची थांबलीस. मला बोलायची गरजच नव्हती. तू कागद गोळा केलेस, रबर लावलंस आणि म्हणालीस, 'उद्या परत काढतील. उद्या वेगळं येईल.'

दुसऱ्या दिवशी थोडं वेगळं आलंही. हे तुला द्यायला हवं. कोऱ्या कागदापुढे पुन्हा पुन्हा बसवलं की काही मुली मोराच्या पलीकडे जायच्या. पण काही जायच्या नाहीत, आणि त्यांचं काय करायचं ह्याचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं. 'बसू दे. येईल.' हेच तुझं उत्तर.

भाग्यश्रीच्या वेळी हे उत्तर महागात पडणार होतं. मंगळवेढ्याहून एसटीने यायची ती. आई ब्लाउज शिवायची, त्यातून हिला शिकवत होती. हिशेबाला हुशार, ग्राफवर तिची रेघ सुरीसारखी सरळ. पण तिला म्हटलं, मनाने काहीतरी काढ, की हात थांबायचा. बाकीच्यांचे निदान मोर तरी यायचे. हिच्या कागदावर ठिपकासुद्धा नाही. दिवसभर बसायची आणि संध्याकाळी कोरा कागद घडी करून पिशवीत घालायची, कुणी बघू नये म्हणून. मी तुला म्हटलं, तिला काहीतरी दाखवू या. तू म्हणालीस, बसू दे. पुढच्या आठवड्यात ती यायची बंद झाली.

मी फोन केला. आधी तिने एसटीचं कारण सांगितलं. मग म्हणाली, 'मॅडम, मी न्हाय येत आता. बाकीच्या पोरींच्या डोक्यात काय काय असतंय. माझ्या डोक्यात कायच न्हाय.'

अक्का, हे वाक्य मी तुला तेव्हा सांगितलं होतं, आज परत सांगते. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी स्वतःबद्दल असं म्हणत होती. तिच्या डोक्यात काही नाही, हे तिला कुणी शिकवलं? आपल्या कोऱ्या भिंतींनी शिकवलं.

मी तिला म्हटलं, एकदा ये. नाहीच पटलं तर मी स्वतः तुला स्टँडवर सोडायला येईन. रविवारी ती आली. तू अक्कलकोटला लग्नाला गेली होतीस. मी हॉल उघडला आणि मग तुझं कपाट उघडलं. किल्ली तू मला विश्वासाने दिली होतीस, हे मला माहीत होतं. तरी उघडलं. त्यात तुझे कारखान्यातले जुने कागद होते. झालेली डिझाइनं थोडी, न झालेली खूप. खोडलेली, अर्धवट सोडलेली, एकाच काठाचे परत परत केलेले प्रयत्न, कोपऱ्यात तुझ्या अक्षरात 'नको' लिहिलेलं. मी ते सगळे जमिनीवर पसरले. त्यांच्या शेजारी सांगोल्याकडचं एक घोंगडं टाकलं, प्लास्टिकची विणलेली चटई टाकली, गुळगुळीत झालेली जुनी चादर उलटी करून टाकली, आणि तो तुटक्या पानाचा टॉवेलही टाकला. एकमेकांशी काही नातं नसलेल्या गोष्टी मुद्दाम शोधल्या होत्या, म्हणजे तिला कुठल्याच एकीला चिकटता येऊ नये.

भाग्यश्री त्यांच्यामधून अनवाणी फिरली. तुझ्या कागदांपाशी उकिडवी बसली. खोडलेल्या काठावरून बोट फिरवत म्हणाली, 'हे सगळं अक्का मॅडमचं?'

'हो.'

'त्यांचं बी चुकत होतं?'

मी हो म्हटलं. तिने पुन्हा एकदा सगळे कागद नीट बघितले. मग पिशवीतून तिचा घडी केलेला ग्राफ काढला, मांडीवर सरळ केला आणि काढायला लागली. लोकांना मी हे सांगते तेव्हा त्यांना वाटतं, तिने ज्वारीची कणसं काढली असतील. मंगळवेढ्याची म्हटल्यावर तसंच वाटायचं. तिला ज्वारीचा कंटाळा होता. तिने एसटीची सीट काढली. रोज तिच्या पुढच्या सीटचं रेक्झिन फाटलेलं असायचं आणि कुणीतरी ते दाभणाने आडवेतिडवे टाके घालून शिवलं होतं. ते टाके तिने काढले. दोन बाजूंना कापड ओढलेलं, मध्ये टाके धरून ठेवलेले. अशी बॉर्डर मी आजवर कुठल्या टॉवेलवर बघितली नव्हती, आणि तूही नाही.

सोमवारी तू आलीस. कपाटातली कागदांची विस्कटलेली चळत बघूनच तुला कळलं. तुझा आवाज चढला नाही. तो खाली गेला, ते जास्त वाईट.

'माझ्या चुका पोरींना दाखवायला तुला कोण सांगितलं?'

'कुणी नाही. मीच दाखवल्या.'

'ते माझं होतं. मी कुणाला दाखवायला ठेवलं नव्हतं ते. तू मला उघडं पाडलंस, चेल्ली.'

'पाडलं. आणि ती पोरगी परत आली. परत अशी वेळ आली तर परत पाडीन.'

'वद्दु,' तू म्हणालीस. म्हणजे नको. तू चिडलीस की मराठी संपायची आणि हा एकच शब्द उरायचा. त्यानंतर बरेच दिवस आपण फक्त हजेरीपुरतं आणि खडूपुरतं बोललो. डबे दोन टोकांना बसून खाल्ले. तुझ्या डब्यातली शेंगा चटणी तू भाग्यश्रीच्या हाती माझ्याकडे पाठवायचीस, पण स्वतः यायची नाहीस.

त्या दिवसाबद्दल मी माफी मागितली नाही. आज मागावी असं घरातल्यांना वाटतं. तुझ्या फोटोपुढे मागितली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण मला खरं सांगायचंय तुला. तुला लागलं ह्याचं मला वाईट वाटतं, खूप वाटतं. कपाट उघडलं ह्याचं वाटत नाही.

मग एक दिवस तू उठून भाग्यश्रीच्या बाकापाशी गेलीस. तिची बॉर्डर हातात घेतलीस, उलटी केलीस, खिडकीशी नेलीस. 'टाके ग्राफची दोन घरं आत घे,' म्हणालीस. 'कापडावर ओढ दिसायला पाहिजे.' तिने घेतले आणि बॉर्डर जिवंत झाली. तेवढं मला सुचलं नसतं. जाताना तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, 'ती आधी कोऱ्या कागदापुढं बसून तापली, म्हणून नंतर बघितलेलं तिला लागू पडलं. पहिल्याच दिवशी दाखवलं असतंस तर तीही तुझी वेलच काढत बसली असती.'

'आणि मी दाखवलं नसतं तर ती मंगळवेढ्यात बसली असती,' मी म्हटलं.

इथपर्यंत आलो होतो आपण. त्याच्या पुढे काय, ते राहिलं. मी तुझं थोडं उचललं, हे तुला दिसत होतं. पहिले काही दिवस मीही कोरा कागद द्यायला लागले. तू माझं उचललंस का, ते मला कधीच कळलं नाही. शेवटच्या संध्याकाळी तुझा फोन आला. दमल्यासारखी बोलत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, ऊन लागलंय. आणि मग म्हणालीस, 'चेल्ली, तुझं नेमकं कुठं चुकतंय ते मला आज कळलं. उद्या वर्गात सांगते.' सकाळी तुझ्या विनायकचा फोन आला, की आई गेली.

कुठं चुकतंय माझं, अक्का? हे सांगून जायला काय झालं होतं? फोनवर दोन वाक्यात सांगता आलं नसतं का? मी तेव्हा विचारलं नाही, कारण मला वाटलं, येईल उद्या आणि करेल सुरू. आता रोज वर्गात काही करायला गेले की वाटतं, हेच असेल का, इथेच चुकत असेल का. तू हे मुद्दाम केलंस असंही कधी कधी वाटतं.

तुझी शोकसभा हॉलमध्येच झाली. मालक, आपले अण्णा, स्वतः बोलायला उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. तुझ्या चादरींनी कारखान्याला नाव दिलं, म्हणाले. आणि मग म्हणाले, बाईंची सगळी डिझाइनं आम्ही काचेच्या फ्रेममध्ये ह्या हॉलभर लावणार. आदर्श नमुने म्हणून. मुली रोज बघतील आणि त्यांच्यासारखंच काम करतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विनायकनेही वाजवल्या, बिचाऱ्याला आईची आठवण राहील असं वाटलं.

मी उभी राहिले. 'अण्णा, भिंतीला काही लागणार नाही.'

अण्णांना वाटलं मी दुःखाने बोलतेय. 'बसा ताई,' म्हणाले.

'अक्काला हे चाललं नसतं,' मी म्हटलं, 'आणि मलाही चालत नाही.'

'अहो, तुम्हीच तर इतकी वर्षं म्हणत होता की, नमुने दाखवा, नमुने दाखवा.'

'दाखवा म्हणजे हातात द्या, अण्णा. उलटंपालटं करू द्या. काचेत घालून वर टांगलं की मुली त्याला हात जोडतील. हात जोडलेल्या मुलीला काढता कसं येणार?'

ते रागावले नाहीत, दुखावले. 'मग हॉलचं मला बघावं लागेल,' म्हणाले. त्यांनी बघितलं. थोड्याच दिवसांत तिथे मालाचे गठ्ठे आले. घरातले म्हणाले, काय गरज होती? तुझ्या नावाने एवढं होत होतं ते घालवलंस. मी त्यांना काही समजावलं नाही. विनायकला मात्र समोर बसवून सांगितलं. त्याने ऐकलं आणि तुझे सगळे कागद माझ्या घरी आणून ठेवले. 'मावशी, तुला पटेल ते कर. आई तुझ्याशीच भांडायची, म्हणजे तुझंच ऐकत असणार.'

नवीन वर्ग आता माझ्या भावाच्या शेडमध्ये भरतो. त्याचे माग मोडीत गेले, शेड रिकामीच होती. जमिनीत मागांचे बोल्ट अजून वर आलेले आहेत, मुलींना ठेच लागते. भाग्यश्री आता एका टॉवेल कारखान्यात डिझाइनला आहे. तिच्या सुट्टीला येते आणि शिकवायला मदत करते. सुरुवातीला कोरे कागद दिले. मोर आले, देऊळ आलं, एकीने मोबाइल काढला. मुली वैतागल्या, तापल्या. मग मी जमिनीवर सगळं पसरलं, आणि त्यात तुझे कागदही टाकले. खोडलेले टाकलेच, पण ह्या वेळी चांगलेही टाकले. ज्या चादरीने तुझं नाव झालं तिचा पेन्सिलीतला मूळ कागदही टाकला. अण्णा ज्याची सगळ्यात मोठी फ्रेम करणार होते, तो. कुणाचं काय आहे ते सांगितलं नाही.

समरीन नावाची मुलगी आहे, शेडच्या मागच्याच गल्लीतली. ती तुझ्या त्या कागदापाशी बराच वेळ बसली. मग म्हणाली, 'मॅडम, एक बोलू? हे लई भारी आहे, पण ह्याचा कोपरा जास्त भरलाय. जीव घुसमटतोय तिथं.'

'अगं, अक्का मॅडमचं हाय ते,' भाग्यश्री म्हणाली. समरीनने कागद असा खाली ठेवला, जणू चटका बसला.

मी तिला म्हटलं, 'मोकळा करून दाखव कोपरा.'

'झेरॉक्सवर?'

'ह्यावरच.'

भाग्यश्रीने माझा दंड धरला. 'मॅडम, नको. परत मिळायचं न्हाय ते.' तिचं खरं होतं. तू आता दुसरा काढून देणार नव्हतीस. मला ते कळत नव्हतं असं नाही. पण तो कागद मी तेव्हा मागे घेतला असता, तर तो त्याच क्षणी काचेत गेला असता. मी समरीनला म्हटलं, 'खोड.'

तिने खोडलं. आधी घाबरत, मग नीट. तुझं कोपऱ्यातलं पान गेलं, त्याच्या मागची कळी गेली. मला बघवेना, पण मी बघत राहिले. तिने तिथे तीन-चार रेघा ओढल्या आणि बाकीचं रिकामं ठेवलं. बाकीच्या मुली भोवती जमल्या. एक म्हणाली, आधीचंच बरं होतं. दुसरी म्हणाली, न्हाय, आता श्वास घेतंय. मग भाग्यश्रीने कागद फिरवून धरला आणि म्हणाली, 'खालच्या कोपऱ्यात बी तसंच करायला पाहिजे. न्हायतर तोल जातोय.'

मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. रडले, ते तुला सांगायला हरकत नाही. मग आत आले, गठ्ठ्यातून तुझा पुढचा कागद काढला आणि त्यांच्यामध्ये ठेवला.